आकडे आले, गावे गेली

२००३ च्या उन्हाळ्यात एका लग्नासाठी उमरग्याहून बसवकल्याणला गेलो होतो. आमच्या उमरगा-लोहाऱ्याच्या पट्ट्यात सोयरीक जमवताना राज्याची सीमा कुणी पाहत नाही. माझी थोरली बहीण तिकडेच दिलेली आहे. जेवणे आटोपल्यावर दाजींनी खिशातून घडी घातलेला एक कागद काढून माझ्यापुढे धरला. कानडीत छापलेला, त्यांच्या शेताचा उतारा. तिकडे त्याला 'पहाणी' म्हणतात.

"किती खेटे घातले, दाजी?"

"खेटे कसले? पंधरा रुपये दिले, उभ्या उभ्या घेतला."

ती कर्नाटकची 'भूमी' योजना. राज्यातल्या १७७ तालुक्यांतले सुमारे दोन कोटी उतारे संगणकावर चढवले होते. नोंदीत बदल करणाऱ्या कर्मचाऱ्याला आधी बोटाचा ठसा द्यावा लागे, म्हणजे कोणी काय बदलले हे उरत असे. मी तेव्हा उमरग्यात टायपिंग आणि संगणकाचे वर्ग चालवत होतो. शिक्षण इतिहास घेऊन बी.ए., संगणक स्वतःच्या उचापतीने शिकलेला. लग्नाहून परतल्यावर 'भूमी'विषयी मिळेल ते वाचू लागलो आणि त्या वाचनात मला सिम्प्युटर भेटला.

सिम्प्युटरची गोष्ट आज तिशीच्या आतल्या कुणाला सांगितली तर खोटी वाटते. १९९८ मध्ये बेंगळुरूच्या एका परिषदेत विकसनशील देशांसाठी माहिती तंत्रज्ञान कसे असावे यावर चर्चा झाली. त्यातून पुढच्या वर्षी सिम्प्युटर ट्रस्ट उभा राहिला. त्यात भारतीय विज्ञान संस्थेचे विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन, व्ही. विनय हे प्राध्यापक होते, आणि एन्कोर या बेंगळुरूच्याच कंपनीचे विनय देशपांडे व त्यांचे सहकारी. साधा, स्वस्त, बहुभाषी या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून यंत्राला नाव दिले. एप्रिल २००१ मध्ये त्याचा नमुना जगापुढे आला. तळहातावर मावणारा, बोटाने किंवा काडीने चालवायचा पडदा, आत २०६ मेगाहर्ट्झची स्ट्राँगआर्म चिप आणि तिच्यावर लिनक्स. त्याच वर्षाच्या अखेरीस 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या साप्ताहिकात ब्रूस स्टर्लिंग या विज्ञानकथालेखकाने वर्षातल्या संगणकीय नवलाईचा मान ॲपल-मायक्रोसॉफ्टला न देता या बेंगळुरूच्या यंत्राला दिला.

मला यातल्या दोन गोष्टी फार आवडल्या होत्या. एक म्हणजे स्मार्ट कार्डाची खाच. यंत्र गावात एकच असले तरी चालेल, ज्याने त्याने आपले कार्ड आणायचे, घालायचे, काम झाले की काढून न्यायचे. दळण घेऊन गिरणीवर जावे तसे. दुसरी म्हणजे ते बोलत असे. रमेश हरिहरन यांनी सुरू केलेले 'ध्वनी' नावाचे सॉफ्टवेअर लिहिलेला मजकूर भारतीय भाषांत वाचून दाखवी. पुढे संतोष तोट्टिंगल यांनी ते मुक्त प्रकल्प म्हणून वाढवले आणि त्यात मराठीही आली. ज्याला वाचता येत नाही त्याच्याही हातात संगणक द्यायचा, हा विचार तोवर कुणी इतक्या गांभीर्याने केला नव्हता. त्यावर अक्षरे उमटवण्याच्या पद्धतीचे नावही 'टपाटप' होते. मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

आता माझ्या विषयाकडे येतो. या यंत्रासाठी प्रोग्राम लिहायचा, तर तो कुठे लिहायचा?

माणूस प्रोग्राम लिहितो ती भाषा माणसाला वाचता येते. चिपला फक्त तिच्या स्वतःच्या आज्ञा कळतात. एकीतून दुसरीत उतरवण्याचे काम कंपायलर करतो. घरच्या संगणकावर लिहून घरच्याच संगणकासाठी उतरवायचे असेल तर प्रश्न नाही. पण हातातल्या यंत्रात कंपायलर चालवण्याइतकी ना जागा, ना ताकद, ना धड कीबोर्ड. म्हणून उतरवण्याचे काम मोठ्या संगणकावर करायचे, पण त्या संगणकाच्या इंटेल चिपच्या भाषेत नव्हे, तर लहान यंत्राच्या आर्म चिपच्या भाषेत. तयार झालेला प्रोग्राम जिथे तयार झाला तिथे चालतच नाही. याला क्रॉस-कंपायलिंग म्हणतात. मराठीत रूढ शब्द नाही. मी काही दिवस 'परयंत्री जुळवणी' म्हणून पाहिले, मित्र हसले, मीही सोडून दिले. आमच्याकडच्या शेतकऱ्याला मात्र हे लगेच कळते. रोप वाढते शेडनेटमध्ये, ठिबकाच्या पाण्यावर, आणि जगायचे असते बरड रानात.

ही रीत जुनी आहे. जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स'मध्ये अल्टेअर या घरगुती संगणकाची बातमी आली, तेव्हा बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांच्याकडे अल्टेअर नव्हता. त्यांनी हार्वर्डच्या पीडीपी-१० या मोठ्या संगणकावर अल्टेअरच्या चिपचे सोंग वठवणारा प्रोग्राम केला आणि त्याच्या आधाराने बेसिक भाषा लिहिली. ॲलन कागदी फीत घेऊन विमानाने अल्बुकर्कीला गेला. ती फीत यंत्रात भरण्यासाठी लागणारा छोटा प्रोग्राम लिहायचा राहिला आहे हे त्याला विमानात आठवले आणि तो त्याने तिथेच लिहिला. अल्टेअरला त्याने दोन अधिक दोन विचारले, उत्तर चार आले. मायक्रोसॉफ्टचा पाया असा, ज्या यंत्राला हातही लावला नव्हता त्या यंत्रासाठी दुसऱ्याच्या घरी शिजवलेल्या प्रोग्रामवर आहे.

या कामात दोन यंत्रांना दोन नावे आहेत. जिथे प्रोग्राम तयार होतो ते 'होस्ट', म्हणजे यजमान. ज्याच्यासाठी तयार होतो ते 'टार्गेट', म्हणजे लक्ष्य. ही नावे पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पेन्सिलीने त्यांच्याखाली रेघ ओढली होती. निजामाच्या काळात आमच्या जिल्ह्याच्या जमिनीचे दप्तर उर्दूत लिहिले जाई आणि ते ज्याच्या जमिनीचे, तो मराठी बोलणारा कुणबी. दप्तर तयार व्हायचे एका भाषेत, लागू व्हायचे दुसऱ्या भाषेतल्या माणसाला. यजमान हैदराबाद, लक्ष्य आम्ही.

मी स्वतः यात पडलो तो गुरुजींमुळे. गुरुजी निवृत्त प्राथमिक शिक्षक. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर त्यांनी विहिरींच्या पाण्याची नोंद ठेवायला सुरुवात केली. भूकंपात लातूर आणि आमच्या जिल्ह्यातली मिळून ५२ गावे उठून नव्या जागी वसवली गेली. माणसे हलली, विहिरी जुन्या जागी राहिल्या. गुरुजी सास्तूर, जेवळी, माकणी अशा गावांत सायकलवर जात, गाठी मारलेला दोर विहिरीत सोडत आणि पाणी किती परस, किती हात खाली आहे ते वहीत मांडत. तेरा वर्षांच्या वह्या झाल्या होत्या. त्यांना एवढेच हवे होते, की विहिरीच्या काठावर उभे असताना मागच्या वर्षी याच पंधरवड्यात पाणी कुठे होते ते समोर दिसावे. वह्यांचे गाठोडे सायकलवर नेता येत नव्हते.

सिम्प्युटर माझ्या हाती आला नाही. आले ते एका विद्यार्थ्याने पुण्याहून आणून दिलेले जुने शार्प झॉरस, पण आतून त्याच घराण्याचे. तीच २०६ मेगाहर्ट्झची स्ट्राँगआर्म, तेच लिनक्स. म्हटले, याच्यावर गुरुजींची वही उतरवू.

आधी क्रॉस-कंपायलर तयार करणे आले. 'लिनक्स फॉर यू' मासिकाबरोबर येणाऱ्या सीडींतून सामान गोळा केले. यात एक पेच आहे तो मला अजून गमतीचा वाटतो. कंपायलर पूर्ण व्हायला सी भाषेची मूळ लायब्ररी लागते आणि ती लायब्ररी त्या चिपसाठी तयार करायला कंपायलर लागतो. म्हणून आधी अर्धामुर्धा कंपायलर करायचा, त्याने लायब्ररी उतरवायची, मग त्या लायब्ररीच्या आधाराने पूर्ण कंपायलर. विरजणाला दही लागते आणि दह्याला विरजण, तसेच. त्या वर्षांत भारनियमन बारा-बारा तासांचे होते. माझा यूपीएस पंधरा मिनिटे तग धरी. रात्री अकराला वीज आली की काम सुरू करायचे, पहाटे गेली की जिथे थांबले तिथून दुसऱ्या रात्री पुढे. पूर्ण कंपायलर हातात यायला सव्वा महिना गेला.

स्ट्राँगआर्ममध्ये अपूर्णांकांचे गणित करणारा भाग नाही. दशांश चिन्हाचे प्रत्येक गणित लिनक्सला स्वतः सोंग काढून करावे लागते आणि ते फार हळू होते. मी गुरुजींनाच उपाय विचारला. त्यांच्या हिशेबाने एका परसाचे चार हात. "सगळं हातात मोजा आणि हाताचे दहा भाग करा. अपूर्णांक कशाला हवा?" आणे-पैवर वाढलेल्या माणसाला हे सुचते, मला सुचले नव्हते.

प्रोग्राम घरच्या संगणकावर नीट चालला. गावाचे नाव मराठीत, पुढे तारीख, पुढे पाणी. मग तोच आर्मसाठी उतरवून झॉरसवर टाकला. पडद्यावर तारखा आल्या, पाण्याचे आकडे आले, अगदी बरोबर आले. गावांची नावे नव्हती. सास्तूर नाही, जेवळी नाही, माकणी नाही. एकाखाली एक आकड्यांच्या ओळी आणि डावीकडे कोरी पट्टी.

मला वाटले फाँट चुकला. फाँट बदलून पाहिले. वाटले पडद्यावर अक्षरे जुळवणारा भाग चुकतोय, तो पुन्हा लिहिला. तीन महिने गेले. घरच्या संगणकावर सगळे ठीक, यंत्रावर गावे गायब. चूक सापडली तेव्हा ती एका ओळीत होती, आणि माझी होती.

सी भाषेत एका अक्षरासाठी एक बाइट धरतात. त्यात २५६ किमती मावतात. त्या ० ते २५५ अशा मोजायच्या की उणे १२८ ते अधिक १२७ अशा, हे भाषेच्या प्रमाणग्रंथाने ठरवलेलेच नाही. ज्याचा कंपायलर त्याची मर्जी. इंटेलच्या चिपवर उणे धरण्याची रीत आहे. इंग्रजी अक्षरे आणि इंग्रजी अंक १२७ च्या आतच संपतात, त्यांना या भानगडीची झळ लागत नाही. देवनागरी मात्र, जुना इस्की संकेत घ्या की युनिकोडचा यूटीएफ-८, १२७ च्या वर बसते. म्हणजे इंटेलवर मराठीचा प्रत्येक बाइट उणे दिसतो. मी हुशारीने लिहिले होते, की बाइट शून्याहून लहान असेल तर ते देवनागरी समज. आर्मवर शून्याहून लहान बाइट अस्तित्वातच नाही. यंत्राला माझ्या मजकुरात मराठी कुठे सापडलीच नाही आणि इंग्रजीत न बसणारे सगळे त्याने टाकून दिले. मी आकडे इंग्रजी अंकांत ठेवले होते, म्हणून ते वाचले.

आर्मवर असे का? हे शोधायला आणखी काही दिवस घालवले, आणि माझ्यातल्या इतिहासवाल्याला खरा आनंद तिथे झाला. आर्म चिप केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी आखली. पहिली चिप २६ एप्रिल १९८५ ला चालू झाली. माणसे थोडी, पैसा थोडा, म्हणून चिपला मोजक्याच आज्ञा ठेवल्या. स्मृतीतून एक बाइट उचलण्याची जी आज्ञा होती ती उरलेली जागा शून्यांनी भरी. उणे चिन्ह जपून बाइट उचलण्याची आज्ञा ठेवलीच नव्हती. मग कंपायलर लिहिणाऱ्यांनी सोपे ते केले, बाइट शून्यापासून मोजला. उण्याची आज्ञा आर्मच्या चौथ्या आवृत्तीत आली, म्हणजे माझ्या स्ट्राँगआर्ममध्येही ती होती. पण तोवर रीत पडली होती आणि रीत मोडायला कुणाला कारण नव्हते. याच एकॉर्नचे बीबीसी मायक्रो हे संगणक १९८४ पासून 'क्लास' योजनेत भारतातल्या शाळांत आले होते.

केंब्रिजमध्ये काटकसर म्हणून गाळलेली एक आज्ञा आणि घरच्या इंटेलवर अंगवळणी पडलेली माझी एक सवय, या दोहोंच्या मध्ये आमची गावे पडली. यजमानाच्या घरी जे गृहीत असते ते यजमानाला दिसत नाही. ते लक्ष्यावर गेल्यावर उघडे पडते आणि नेमके त्या जागी पडते जिची यजमानाला गरज नव्हती. इंग्रजीत काम करणाऱ्याला माझी ही चूक आयुष्यभर सापडली नसती. मी एक शब्द वाढवला, गावे परत आली.

सिम्प्युटरच्या मंडळींना हे सगळे माझ्याआधी आणि माझ्याहून चांगले ठाऊक होते, असे माझे मत आहे. त्यांनी यंत्राचा आराखडाच खुला ठेवला. कोणीही अभ्यासावा, विकायला बनवणाऱ्याने परवाना घ्यावा आणि केलेल्या सुधारणा काही काळाने ट्रस्टकडे परत द्याव्यात, असा परवाना त्यांनी लिनक्सच्या परवान्याच्या धर्तीवर लिहिला. लक्ष्यावर बसलेल्या माणसाला यजमान होण्याची वाट त्यांनी उघडी ठेवली होती. त्या वाटेने फार कोणी गेले नाही. २६ मार्च २००४ ला भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेला 'अमिडा सिम्प्युटर' बाजारात आला तेव्हा सर्वांत साध्या नमुन्याची किंमत ९,९५० रुपये होती, रंगीत पडद्याचा त्याच्या दुप्पट. पन्नास हजार विकायचे ठरले होते, २००५ पर्यंत सुमारे चार हजार गेले. कर्नाटक सरकारने जमिनीच्या नोंदी गोळा करायला ते वापरून पाहिले. मराठी मुलखाच्या आसपास पाहिले तर गोव्यात डेंपोंच्या खाणीवरून निघालेले लोहखनिज बंदरापर्यंत कुठे पोहोचले याचा माग ठेवायला आणि मुंबईत महिंद्राकडे गाड्यांच्या इंजिनांची तपासणी करायला सिम्प्युटर लागला. शेतकऱ्यासाठी निघालेले यंत्र खाणीत आणि गॅरेजात पोहोचले.

अपयशाचे कारण म्हणून सगळे किमतीवर बोट ठेवतात. मला ते अर्धेच पटते. जुलै २००३ मध्ये रिलायन्सने ५०१ रुपयांत मोबाइल हातात देण्याची योजना आणली. आमच्या बाजारपेठेत त्या पावसाळ्यात उडालेली झुंबड मी पाहिली आहे. त्या फोनला मराठी येत नव्हती, तो उतारा दाखवत नव्हता, वाचून तर मुळीच दाखवत नव्हता. पण त्यातून लातूरच्या आडतीत तुरीचा भाव विचारता येत होता आणि पुण्यात कामाला गेलेल्या मुलाशी बोलता येत होते. सिम्प्युटर माहिती देणार होता. लोकांना आधी माणूस हवा होता.

पुढचे सर्वांना माहीत आहे. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात गणनेत प्रगणक हातात टॅब्लेट घेऊन दारोदार फिरले, तीही भारत इलेक्ट्रॉनिक्सची. प्रगणकाबरोबर ते यंत्र चालवणारा दुसरा माणूस असे. त्याआधी, २००८ मध्ये, अँड्रॉइडचा पहिला फोन निघाला होता. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे आणि जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये आर्म. म्हणजे बेंगळुरूच्या प्राध्यापकांनी निवडलेली जोडी आज आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या मावशींच्या कनवटीला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्याकडे शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढून ई-पीक पाहणी करायची असते. पण त्या फोनमधली एक ओळ बदलायची म्हटली तर शेतकऱ्याला ती दिसतही नाही. ती दुसरीकडे, दुसऱ्याच्या संगणकावर लिहिली आणि उतरवली जाते. गावाचे नाव पडद्यावर उमटले नाही तर ते का उमटले नाही हे शोधायला मी जे तीन महिने घालवले, ते घालवण्याची सोय त्यात नाही.

गुरुजींना मी झॉरस दाखवले ते २००६ च्या दिवाळीनंतर, जेवळीच्या एका विहिरीवर. उन्हात पडदा नीट दिसेना, म्हणून त्यांनी डोक्यावरचा गमछा त्याच्यावर धरला. गावाची नावे वाचली, मान हलवली. मग म्हणाले, "सर, यात चुकीचं लिहिलं तर खोडता येतं?"

"येतं की. बोट ठेवायचं, नवीन आकडा लिहायचा."

"आणि आधीचं काय लिहिलं होतं ते दिसतं?"

दिसत नव्हते. मी ते लिहिलेलेच नव्हते. महसुली दप्तरात चुकीची नोंद लाल शाईने काटतात, खालचे वाचता येईल अशी, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला ठाऊक असायला हवे होते. पंधरा रुपयांच्या त्या पहाणीमागेही बदलांची नोंद ठेवलेली होतीच. जुन्या नोंदी जपायच्या तर यंत्रातली जागा पुरत नव्हती आणि मी त्यासाठी प्रोग्राम पुन्हा लिहायला बसलो तोवर यंत्राची बॅटरी फुगली. तशी दुसरी मिळाली नाही.

गुरुजी २०१४ मध्ये गेले. वह्या त्यांच्या मुलाने माझ्याकडे दिल्या. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी जिल्ह्यातली निजामकालीन उर्दू आणि मोडी दप्तरे उघडली गेली, वाचणारी माणसे शोधून आणली गेली, तेव्हा मीही या वह्यांचे फोटो काढायला घेतले. सातव्या वहीत जुन्या सास्तूरच्या विहिरीपुढे 'पाच परस दोन हात' असे लिहून त्यावर एकच सरळ रेघ मारलेली आहे. समासात बारीक अक्षरात लिहिले आहे, 'रद्द. दोराची एक गाठ सुटली होती.' खाली सही आणि तारीख.